सेल्फ बदलण्याआधी अर्थिंग बघा

दादा, दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकूनही ट्रकचं इंजिन सकाळी सुरू करताना रडत-रडत फिरतंय आणि मिस्त्री ‘सेल्फच (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) बदला’ म्हणतोय, असं लिहिलंय तुम्ही. जरा दम धरा. आधी केबली तपासा.

जुन्या गाडीत इंजिन ते चेसीस जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीकडं (बॅटरीच्या मायनसकडं करंट परत नेणारी पट्टी) कुणी बघतच नाही. वरून धडधाकट दिसते, बोल्ट काढला की खाली गंज अन् काळ्या मातीचा थर. मल्टीमीटर घ्या. गाडी न्यूट्रल, इंजिन स्टॉप ओढून धरायचा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, एकाला सेल मारायला (चावीनं सेल्फ फिरवायला) बसवा. एक वायर बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नको, खुद्द शिशाच्या खांबावर), दुसरी इंजिन ब्लॉकवर. सेल मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, की चोर सापडला, म्हणजे दोष अर्थिंगच्या जोडणीत आहे. प्लसकडून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंतही तसंच बघा. बोल्ट उघडायचा असेल तर आधी मायनस काढून ठेवा, पाना चेसीसला टेकला तर ठिणग्या उडतात.

24 व्होल्टची गाडी असेल तर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. सेल मारताना एखादी साडेनऊ व्होल्टच्या खाली बसली, तर नवी असली तरी तिच्यावर भरवसा नको.

एवढं करून सगळं ठीक निघालं, तर मग सेल्फ खोला. गाडी गरम झाल्यावर जास्त जड फिरते का? तसं असेल तर बहुतेक सेल्फमधले बुश (दांडा धरणाऱ्या कड्या) झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) घासतंय. बुश अन् कार्बन (आर्मेचरला करंट देणारे ब्रश) बदलून भागतं. फक्त डिसेंबरच्या थंडीतच जड असेल, तर इंजिन ऑइल कोणत्या ग्रेडचं (किती जाड) टाकलंय ते सांगा, जाड ऑइल थंडीत घट्ट होऊन इंजिन जड फिरतं.