मुलगा चार दिवसांनी घरी आला, फाईल बंद झाली. तो गेला का होता, हे विचारायचं कोणी?

चौथा_मजला

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा. वय सोळा, अकरावीत. दहावीपर्यंत माझ्याकडे गणिताला यायचा. गेल्या महिन्यात एका मंगळवारी क्लासला म्हणून बाहेर पडला आणि आला नाही. रात्री साडेनऊला त्याची आई माझ्या दारात. "तुमच्याकडे आलाय का हो?" एवढंच. तिच्या हातात त्याचा चार्जर होता. फोन गेला होता, चार्जर मागे राहिला होता. तो तिने रात्रभर हातातून खाली ठेवला नाही.

साडेअकराला आम्ही दोघी पोलीस ठाण्यात. वडील कामासाठी बाहेरगावी होते, ते पहाटे पोचले. ठाण्यातला माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. खुर्ची दिली, पाणी दिलं. पण पहिलंच वाक्य, "पोरगा आहे ना? मग कशाला घाबरता. असेल मित्राकडे, सकाळपर्यंत बघा." नंतर, "घरात कोणी रागावलं होतं का?" मग वर्णन लिहायला घेतलं. उंची, बांधा, रंग, भुवईवरचा व्रण, सगळं आईने घडाघडा सांगितलं. "अंगात कपडे कोणते?" इथे ती अडली. निळा टी-शर्ट की राखाडी? शेवटी मी घरी आले, मोबाइलच्या उजेडात त्यांच्या बाल्कनीतल्या दोरीवरचे कपडे बघितले, कपाट उपसलं, आणि जो कुठेच मिळाला नाही तो अंगात असणार असा हिशेब लावला. राखाडी, छातीवर पांढरी पट्टी.

त्या रात्री फक्त 'मिसिंग' नोंद झाली. गुन्हा दाखल झाला दुसऱ्या दिवशी दुपारी, ओळखीच्या एका वकिलांनी फोन केल्यावर. तोवर आम्ही आमचं डोकं चालवलं होतं. फोटो, पूर्ण नाव, कॉलेज, इमारत, आईचा मोबाइल नंबर, सगळं व्हॉट्सॲपवर. सकाळी तिला दोन फोन आले, "मुलगा माझ्याकडे आहे, पैसे पाठवा." दोन्ही खोटे.

चौथ्या दिवशी दुसऱ्या राज्यातल्या एका स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने त्याला हेरलं. तीन गाड्या गेल्या तरी हा बाकावरून उठला नाही, एवढ्यावरून. त्या माणसाचे उपकार कसे फेडायचे? तिथून तिथल्या बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणारी जिल्ह्याची सरकारी समिती), तिथून घरी. काकांनी उपदेश केला, सोसायटीतल्या लोकांनी पाठ थोपटली. कागदावर कारण लिहिलं गेलं: 'अभ्यासाच्या ताणामुळे घरातून निघून गेला'.

हे वाक्य त्याचं नाही. अभ्यासाचा ताण आलेली मुलं मी वीस वर्षं बघतेय. हा तो नव्हे. आणखी एक. आल्यावर घरच्यांनी त्याचा फोन काढून घेतला. फोन काढून घेतला की या वयाची मुलं घर डोक्यावर घेतात. हा सुटल्यासारखा झाला. त्या रात्री म्हणे बारा तास झोपला.

पोलीस म्हणतात मुलगा मिळाला, आता काय राहिलं? कॉलेजात समुपदेशकाची जागा रिकामी. घरचे म्हणतात, विषय उकरू नका. तो पुन्हा जाईल अशी भीती मला वाटते आणि ती मी त्याच्या आईला सांगूही शकत नाही. कोणाकडे जावं?

(संपादित: काही तपशील काढले. कारण खाली आहे.)

निवृत्त_फौजदार

ताई, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. बरीच वर्षं ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत काढली. तुम्हाला जे ऐकवलं ते मीही लोकांना ऐकवलंय, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

चोवीस तास थांबा असा नियम कुठेही नाही, कधीच नव्हता. उलट १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवा, आणि अपहरण किंवा तस्करी असावी असं धरूनच तपासाला लागा. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे. 'मिसिंग'च्या रजिस्टरात लिहून मोकळं होणं हे अठरा वर्षांखालच्या मुलासाठी चालतच नाही.

मग असं का होतं? एक तर आकडा. गुन्हा दाखल केला की तो क्राईम मीटिंगमध्ये साहेबांपुढे येतो, प्रलंबित म्हणून दर महिन्याला विचारला जातो. मिसिंगचं तसं नाही. दुसरं, 'पोरगा आहे ना'. याचं मूळ सांगतो. जुन्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३६१ मध्ये कायदेशीर रखवालीतून पळवण्यासाठी मुलगी अठराखालची धरली होती आणि मुलगा सोळाखालचा. आमच्या पिढीच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिचं कलम १३७ मुलगा-मुलगी असा फरक करत नाही, अठरा म्हणजे अठरा. तुमचा मुलगा सोळा पूर्ण असेल तर जुन्या हिशेबात तो बाहेर पडला असता. अंमलदाराच्या तोंडून बहुतेक जुनं कलम बोलत होतं.

पुढच्या वेळी कोणावर ही वेळ आली तर: हद्द आमची नाही असं म्हणता येत नाही, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. आणि त्या ठाण्याचा बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, हे नावानिशी विचारा. बाल न्याय कायद्याच्या १०७ कलमाप्रमाणे तो प्रत्येक ठाण्यात असायलाच हवा. आमच्याकडे वर्षभर तो मीच होतो. प्रशिक्षण एक दिवसाचं झालं, आणि बंदोबस्त काही सुटला नाही.

मुंबईतले राजेंद्र भोसले पेपरात वाचले असतील. डी. एन. नगर ठाण्यात २००८ ते २०१५ या काळात १६६ मुली हरवल्याच्या तक्रारी आल्या, त्यातल्या १६५ मिळाल्या. राहिलेल्या एकीला ते निवृत्तीनंतरही शोधत राहिले, ती ऑगस्ट २०२२ मध्ये सापडली. त्यांना माझा सॅल्यूट. पण एका माणसाच्या जिद्दीवर खातं चालवायचं नसतं ना.

तुमच्या मूळ प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मूल मिळालं की आमच्या लेखी काम झालं. 'का गेला' हा रकाना आम्ही भरतो. तो तपासायचा असतो असं मला कोणी शिकवलं नाही.

स्पष्टच_बोलतो

दरवेळी पोलीस, सरकार, यंत्रणा. आईवडील कुठे असतात? पोटच्या पोराच्या अंगात कोणता शर्ट आहे हे आईला माहीत नाही, यातच सगळं आलं.

चौथा_मजला

@स्पष्टच_बोलतो, तुमच्या घरातली माणसं आज सकाळी काय घालून बाहेर पडली, कोणाला न विचारता लिहा इथे. मी थांबते.

काठावर

(ते काही लिहिणार नाहीत.)

मी बाल कल्याण समितीपुढे येणाऱ्या मुलांबरोबर समुपदेशक म्हणून आठ वर्षं काम केलं. आधी एक काम करा. तुमच्या पोस्टमधून शहर, कॉलेजची शाखा आणि स्टेशनचं नाव आत्ता काढा. हरवलेलं किंवा पळून आलेलं मूल बाल न्याय कायद्याने 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' ठरतं, आणि त्याची ओळख उघड करायला कलम ७४ ने बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शोध चालू असताना फोटो फिरवणं समजू शकतं, पण त्यावर पोलीस ठाण्याचा नंबर टाकावा, आईचा नाही. आणि मूल मिळाल्यावर तोच फोटो मागे घ्यायला कोणी बसत नाही.

आता मुद्दा. समितीकडून मूल घरी पाठवताना सामाजिक तपासणी व्हायला हवी, कायद्यात त्यासाठी पंधरा दिवस दिलेत. घरी जाऊन, शेजारी, शाळा, मित्र बघून अहवाल करायचा. पण मूल एका जिल्ह्यात सापडतं, घर दुसऱ्या जिल्ह्यात. आईवडील रात्रभर प्रवास करून आलेले असतात, आधारकार्ड दाखवतात, रडतात. समितीला वाटतं, कशाला ताटकळत ठेवा? कागद इकडच्या समितीकडे येतात आणि इथे त्यांची वाट बघत कोणी बसलेलं नसतं. माझ्या हातून अशी किती मुलं घरी गेली आणि पुन्हा आली, ते आठवलं की आजही झोप उडते. दुसऱ्यांदा आलेलं मूल पहिल्यापेक्षा लांब गेलेलं असतं.

तुम्ही काय करू शकता: तुमच्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे साध्या कागदावर अर्ज. समितीपुढे पोलीसच जाऊ शकतात असं नाही. कलम ३१ मध्ये जागरूक नागरिक आहे, आणि मूल स्वतःही आहे. १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करा, तो नंबर मुलाला स्वतःलाही लावता येतो. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ती सेवा २०२३ पासून सरकारने स्वतःकडे घेतली आणि ११२ शी जोडली. फोन घेणाऱ्याला मूल हरवून परत आलंय हे पहिल्या वाक्यात सांगा.

तो तुमच्याशी बोलेल असं वाटतंय. 'का गेलास' असं विचारू नका, ती चौकशी वाटते. 'नकोसं कधीपासून वाटायला लागलं' असं विचारा. दिवस सांगायला सोपा असतो, कारण सांगायला अवघड. आणि तुमच्या पोस्टमधलं फोनचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्याबद्दल अंदाज बांधून त्याच्या तोंडात घालू नका. फक्त एक लक्षात ठेवा, 'कोणाला सांगणार नाही' असं वचन त्याला देऊ नका. लैंगिक त्रासाचं काही निघालं तर पोक्सोखाली, म्हणजे अठरा वर्षांखालच्यांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली, ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. आणि तो कायदा मुलींइतकाच मुलग्यांनाही लागू आहे. हे लोकांना पाच-पाच वेळा सांगावं लागतं.

चौथा_मजला

अकरा दिवसांनी लिहितेय, क्षमा.

त्याला गणिताच्या निमित्ताने बोलावलं. त्रिकोणमितीची दोन उदाहरणं झाली. मग 'काठावर' यांनी सांगितलं तसं विचारलं. तो म्हणाला, "आधी सांगा, आईला सांगणार नाही." मी म्हटलं, तसं मला कबूल करता येणार नाही, पण तुला न सांगता काहीच करणार नाही. तो गप्प झाला. पेनाचं टोपण काढायचं, लावायचं. मला वाटलं, संपलं. वचन दिलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं. मग त्याने वहीच्या मागच्या पानावर एक तारीख लिहिली आणि वही माझ्याकडे सरकवली. घरातून गेला त्याच्या तीन आठवडे आधीची.

बाकी इथे लिहीत नाही. एवढंच की फोनच होता. पलीकडे मुलगी आहे असं त्याला वाटत होतं, आणि ती मुलगी नव्हती.

आईला त्याने स्वतः सांगितलं, मी शेजारी बसले होते. वडिलांचा पहिला प्रश्न, "मुलाच्या बाबतीत असं असतं का?" फौजदारसाहेब, तुमची आठवण झाली. यावेळी ठाण्यात मी सरळ बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना भेटायचंय म्हटलं. एक महिला उपनिरीक्षक आल्या, साध्या कपड्यांत, जबाब आमच्या घरातच घेतला, आई शेजारी. तसा नियमच आहे म्हणाल्या. त्यांनी मुलाला पाणी दोनदा विचारलं, प्रश्न मात्र प्रत्येक एकदाच. समितीने एक सहायक व्यक्ती दिली आहे, कोर्टापर्यंत ती बरोबर राहणार. 'टेक इट डाउन' म्हणून अठरा वर्षांखालच्यांचे खासगी फोटो इंटरनेटवरून काढायला मदत करणारी सेवा आहे, त्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही, त्याचा नुसता डिजिटल ठसा, म्हणजे ओळखीचा एक कोड, आपल्या फोनवर तयार होऊन जातो, हे मला 'काठावर' यांनी निरोपात कळवलं. ते त्याने स्वतः केलं, मी पाठ करून बसले होते.

वडील अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत. कागदावरचं 'अभ्यासाच्या ताणामुळे' बदलणार का, असं मी विचारलं. ती फाईल वेगळी, ही वेगळी, असं उत्तर मिळालं.

आणि तो फोटो. आज सकाळी माझ्या मावसबहिणीने पाठवला, तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला म्हणून. 'तुमच्या भागातला आहे, ओळखतेस का? कृपया पुढे पाठवा.' खाली त्याच्या आईचा नंबर तसाच. मी तिला लिहिलं, मुलगा घरी आहे, हे सगळीकडून काढायला सांग. तिने अंगठा पाठवला. दुपारी तोच फोटो माझ्या मोठ्या जाऊबाईंकडून आला.