मध्येच बोलणारी, गप्प बसणारी माणसं: तुमचे अनुभव लिहा

आमच्याकडे जेवताना चौघं एकदम बोलतात आणि चौघांनाही सगळं कळतं. पाहुण्यांना मात्र भांडण चाललंय असं वाटतं. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी १९७८ साली कॅलिफोर्नियात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातल्या गप्पा रेकॉर्ड केल्या. न्यूयॉर्कवाले एकमेकांच्या बोलण्यात बोलून रस दाखवत होते, पण कॅलिफोर्नियावाल्यांना ते बोलूच देत नाहीत असं वाटत होतं. तुमच्याकडे काय?

रंकाळाकाठ: माहेर कोल्हापूर, सासर पुणे. लग्नानंतर आईशी फोनवर बोलत होते. सासूबाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं, "तिच्या माहेरी काही बिनसलंय का रे?" विषय होता चटणीचा! मिरच्या वाळल्या का, कुटायला डंकावर कधी जायचं, गेल्या वर्षी डंकवाल्यानं लसूण कमी घातला होता. आता एवढं हळू आवाजात कसं बोलणार? उलट आई इथे आली तेव्हा सासूबाई सगळं शांतपणे ऐकून घेत होत्या. आईनं घरी जाऊन जाहीर केलं, "विहीणबाईंना आमचं येणं आवडलं न्हाई."

सावंतवाडीकर: आमच्याकडे मित्राची हाक शिवीनेच सुरू होते. नुसत्या नावाने हाक मारली तर समजायचं, काहीतरी फिसकटलंय. नागपूरच्या बायकोला अजून पचत नाही.

रात्रपाळी: जपानी क्लायंट. आम्ही मुदत सांगितली की पलीकडे शांतता. आमच्या लीडला ती सोसायची नाही. "बरं, आठवडाभर आधी देतो!" समोरचे बिचारे फक्त विचार करत होते. रविवार आमचे गेले.

चोखंदळ: @रात्रपाळी, यात जपानी स्वभाव शोधू नका. २००९ मध्ये दहा भाषांची तुलना झाली होती. हो-नाहीच्या प्रश्नांना सरासरीने सगळ्यात चटकन उत्तर देणारे जपानीच निघाले, सगळ्यात सावकाश डॅनिश. फरकही सेकंदाच्या अंशांचा. तुमची शांतता मीटिंगची असावी.

रात्रपाळी: असेल बुवा. लीड आमचा सांगलीचा होता.

आजोबांची नात: आजोबांना फोनवर दर वाक्याला "हं" लागतो. नाही दिला की "आहेस का गं?" व्हिडिओ कॉलवर मी "हं" म्हटलं की त्यांचा आवाज तुटतो, मग ते वाक्य पहिल्यापासून सांगतात. हल्ली मी नुसती मान हलवते. पण ते स्क्रीनकडे बघतातच कुठे, फोन कानालाच लावून बसतात.