विषय: बाबांच्या गुडघ्यांसाठी चिनी काढा द्यावा का?

प्रेषक: सभासद, शा टिन

नमस्कार मंडळी,
बाबा पुण्याहून हाँगकाँगला आलेत आणि इथल्या थंडीत त्यांचे गुडघे फारच धरलेत. समोरच्या चिनी आजींनी मायेने घरातली एक पुडी आणून दिली. आत मुळाच्या काळपट, पातळ चकत्या आहेत. सुपात घालून उकळा म्हणाल्या. पुडीवर दोन अक्षरं आहेत, पहिलं म्हणजे नुसत्या तीन उभ्या रेघा. बाबांना रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे. द्यावं का? नाही म्हटलं तर आजींना वाईट वाटेल.

प्रेषक: सभासद, ताइकू

अगं, अजिबात देऊ नकोस. चाखूनसुद्धा बघू नका.

तीन रेघांचं अक्षर म्हणजे ‘च्युन’, चीनच्या सेच्वान प्रांताच्या नावातलं. पुढचं ‘वू’, म्हणजे कावळा, असेल तर ते च्युन-वू. आपल्या बचनागाच्याच कुळातलं मूळ. आपले वैद्य तरी बचनाग शुद्ध केल्याशिवाय कुठे वापरतात? यातलं अ‍ॅकोनिटीन हे विषारी द्रव्य बराच वेळ उकळल्यावर फुटतं आणि विष पुष्कळ उतरतं. म्हणून जाणकार वैद्य प्रक्रिया केलेलं मूळसुद्धा आधी तासभर तरी उकळायला सांगतात, बाकीची औषधं मागाहून. पुडीतलं कच्चं आहे की प्रक्रिया केलेलं, हे चकत्या बघून तुला-मला कळणार नाही.

इस्पितळाच्या औषध विभागात असताना मी असे रुग्ण पाहिलेत. आधी ओठ आणि जीभ बधिर, मग हातापायांना मुंग्या, उलट्या, आणि बघता बघता हृदयाचे ठोके वेडेवाकडे. यावर उतारा नाही, हृदय सांभाळत बसावं लागतं. 2017 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये अ‍ॅकोनाइट (हेच बचनागाचं कूळ) असलेल्या चहाने एक बाई दगावली. कुणी चुकून घेतलंच, तर वाट न बघता 999 ला (इथली तातडीची मदत) फोन, आणि पुडी बरोबर न्यायची.

चिनी वैद्यकाला मी नावं ठेवत नाही. हाँगकाँगच्या 1999 च्या चिनी औषध कायद्यातच 31 जहाल औषधांची यादी आहे. कच्चं च्युन-वू त्यात येतं आणि नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. चिठ्ठी एका माणसाची असते, पुडी शेजारी वाटायची नसते.

आणि वॉरफरिन! इथे सुपात सर्रास पडणारं तोंग क्वाय हे चिनी औषधी मूळसुद्धा रक्त आणखी पातळ करू शकतं. बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच काढा नको.

प्रेषक: सभासद, शा टिन

ताई, दुसरं अक्षर ‘वू’च निघालं. आजींना विचारलं, तर पुडी त्यांच्या यजमानांच्या जुन्या औषधांतली, ते जाऊन तीन वर्षं झाली. ऐकून त्यांचे हात कापायला लागले. बाबांनीच त्यांना चहा करून दिला. शनिवारी नोंदणीकृत वैद्यांकडे जातोय, आजीही बरोबर येताहेत. बाबांच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून आजच लिहून आणली.