हाँगकाँगमधील फिलिपिनो मदतनीस आणि त्यांची मुले

प्रश्न : हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रियांना स्वतःची मुले सोबत का ठेवता येत नाहीत?

प्रतिसाद १ : त्यांच्या व्हिसावर कुटुंब आणता येत नाही, शिवाय २००३ पासून मालकाच्याच घरी राहणे सक्तीचे असल्याने, परवानगी मिळाली तरी मूल ठेवणार कुठे? सात वर्षांच्या वास्तव्यानंतर इतरांना मिळू शकणारा कायम रहिवासही २०१३ मध्ये तिथल्या अंतिम अपील न्यायालयाने त्यांना नाकारला.

प्रतिसाद २ : गावी मुलांना बहुधा आजी किंवा मावशी सांभाळते. रविवारी हाँगकाँगच्या सेंट्रल भागात पुठ्ठे अंथरून बसलेल्या बायका व्हिडिओ कॉलवर मुलांशी बोलत बोलतच घरी पाठवायच्या खोक्यात साबण, चॉकलेटे, बूट भरत असतात.

प्रतिसाद ३ : करार संपुष्टात आला की सहसा दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडावे लागते, त्यामुळे मालक करारच मोडेल या भीतीने, प्रसूती रजा कायद्यात असूनही ती मागायला अनेकजणी कचरतात, मला तरी हेच अधिक जाचक वाटते.