चर्चा : चौकोनांच्या क्षेत्रफळाची सूत्रं पाठ करून घेणं बंद करावं का?

तिरपागडा (धागाकर्ता)

मुद्दा आधीच सांगून टाकतो, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात 'नक्की म्हणायचंय काय' सुरू होतं. समांतरभुज, समभुज, समलंब अशा दर चौकोनाला वेगळं सूत्र पाठ करून घेणं शाळांनी थांबवावं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ पक्कं करा, कर्ण टाकून आकृती फोडायला शिकवा, बास. पंचकोन असो की बारा कोपऱ्यांचं वावर, त्रिकोणांत फुटतंच.

नुसता वेळच वाया जात असता तर धागा काढला नसता. पण या जंत्रीमुळे मुलांची समजूत होते की चारही बाजू माहीत आहेत म्हणजे क्षेत्रफळ निघालंच पाहिजे. पुढे हीच मुलं प्लॉट घेतात. गावोगाव चालणारा हिशेब माहीत असेलच : समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा.

समजा प्लॉटच्या बाजू क्रमाने ५२, ३९, २५ आणि ६० फूट आहेत. ५२ आणि २५ ची सरासरी ३८.५, ३९ आणि ६० ची ४९.५. गुणाकार १९०५.७५ चौरस फूट. आता कर्णासकट मोजा. ५२ आणि ३९ च्या कोपऱ्यात काटकोन असेल तर कर्ण ६५ फूट येतो. पलीकडचा २५-६०-६५ हाही काटकोन त्रिकोणच. क्षेत्रफळ १०१४ + ७५० = १७६४. आणि कर्ण ८० फूट भरला तर हेरॉनच्या सूत्राने (तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ) दोन्ही त्रिकोण मिळून जेमतेम १३७२! बाजू त्याच, कुंपणाची तार तेवढीच. चौरस फुटाला दीड हजार दर धरला तर काटकोनाच्या प्लॉटमध्येसुद्धा दोन लाख बारा हजारांचा फरक पडतो.

बऱ्याच खरेदीखतांत चतुःसीमा असते, चार बाजूंची लांबी असते, कर्ण मात्र नसतो. दहावी झालेल्या किती जणांना हे खटकेल?

गणिताच्या_बाई

फरक मान्य, त्याचं खापर सूत्रांवर फोडणं अमान्य.

समलंब चौकोनाचं सूत्र वर्गात कुणी आकाशातून आणत नाही. कर्ण टाकते, दोन त्रिकोण होतात, दोघांची उंची एकच, म्हणून समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची भागिले दोन. हे फळ्यावर एकदा होतं, मग चौकटीत सूत्र लिहिलं जातं. तुमच्या पद्धतीने पोरांनी दर वेळी आकृती फोडायची म्हणजे दर वेळी दोन गुणाकार, दोन अर्धे आणि एक बेरीज. साठांच्या वर्गात निम्मी मुलं अपूर्णांकाशी झटापट करत असतात, त्यांच्या चुका दुप्पट होतील. शिष्यवृत्तीच्या पेपरात घड्याळही चालू असतं.

आणि कर्णाविषयी शाळा शिकवत नाही हे खोटं आहे. आठवीच्या 'क्षेत्रफळ' या प्रकरणात अनियमित जागेचं उदाहरण आहे, कर्ण आणि त्यावरचे लंब देऊन. पुस्तक उघडून बघा.

तिरपागडा

बाई, उघडूनच लिहिलंय. उदाहरण आहे, पण आकृती आयती, लंब आयते, मापं आयती. मुलाने फक्त आकडेमोड करायची. कर्ण का मोजला, तो न मोजता भागलं असतं का, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. माझी तक्रार तीच आहे.

शंकूसाखळी

भूमी अभिलेखमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. दोघांनाही थोडं थोडं ऐकवतो.

जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे १ गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. शेत मोजताना मधून एक सरळ पाया रेषा धरायची आणि तिच्यावरून चालत जायचं. डावीकडे-उजवीकडे बांधाचा कोपरा काटकोनात आला की थांबायचं, किती अंतरावर आलो आणि कोपरा किती लांब ते टिपणात लिहायचं. बाई म्हणतात ते आठवीचं उदाहरण म्हणजे हेच टिपण, फक्त चिखल वगळून.

समजा पाया रेषा १०० मीटर. डावीकडे ३० मीटरवर लंब २० चा, ८० मीटरवर १० चा. उजवीकडे एकच कोपरा, ६० मीटरवर, ३० चा. डावीकडे सुरुवातीचा त्रिकोण ३००, मधला तुकडा ५० मीटर लांबीचा, दोन टोकांना २० आणि १०, म्हणजे ७५०, शेवटचा त्रिकोण १००. उजवी बाजू अख्खी १५००. एकूण २६५० चौरस मीटर, साडेसव्वीस आर, गुंठ्यांत सव्वीस आणि वर थोडं.

आता बघा, तो मधला ७५० चा तुकडा कुठला? समलंब चौकोन. धागाकर्ते साहेब ज्याला हाकलायला निघालेत त्याच्याशिवाय आमचं पान हलत नव्हतं. लांबलचक बांध असला तर दोन टोकांना दोन त्रिकोण आणि मध्ये सगळे समलंबच.

बाईंना एवढंच सांगेन की चूक आकडेमोडीत कमी होते, लंब धरण्यात जास्त होते. टेप तिरपी धरली की माप नेहमी जास्तच येतं, कमी कधी येत नाही. काटकोन कसा साधायचा हे वर्गाबाहेर नेऊन दाखवलं पाहिजे. गवंडी ३-४-५ ची दोरी लावून साधतो, ते चालेल.

कर्णकर्कश

म्हणजे प्लॉट घेताना मोजणीवाल्यांना चहा पाजायचा की नाही, तेवढं सांगा. बाकी चर्चा उद्बोधक.

झटपट_जोशी

एवढी पायपीट कशाला? आता मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या यंत्राने होते, कोपऱ्यांचे निर्देशक (क्ष, य) हातात येतात. शाळेत सरळ लेसचं सूत्र शिकवा, एकच सूत्र, सगळ्या बहुभुजाकृतींना चालतं. कोपरे ओळीने लिहा : (०,०), (६,१), (७,५), (३,८), (१,४). प्रत्येकाचा क्ष पुढच्याच्या य ने गुणा, त्यातून पुढच्याचा क्ष गुणिले याचा य वजा करा, शेवटच्यानंतर पुन्हा पहिला घ्या. ०, २३, ४१, ४, ०. बेरीज ६८, निम्मे ३४. संपलं. आत वळलेला कोपरा असला तरी वेगळं काही करावं लागत नाही. गाउसच्या नावाने ओळखतात, पण माइस्टर नावाच्या जर्मन गणितज्ञाने १७६९ मध्येच दिलं होतं.

गणिताच्या_बाई

वा! समलंबाचं सूत्र पाठ करून घेणं म्हणजे पाप आणि हे तिरपं गुणून तिरपं वजा करणं म्हणजे ज्ञान? समलंबाचं सूत्र का चालतं हे माझी मुलं सांगू शकतात. तुमचं का चालतं ते आठवीतल्या मुलाला सांगा बरं. निर्देशक भूमिती नववीत सुरू होते, हेही लक्षात असू द्या.

झटपट_जोशी

सांगता येतं. प्रत्येक वजाबाकी म्हणजे मूळ बिंदू आणि एक बाजू मिळून होणाऱ्या त्रिकोणाची दुप्पट. कडेने डावीकडे वळत फिरताना त्रिकोण पुढे सरकला तर अधिक, मागे आला तर वजा. बाहेरचा भाग आपोआप कटतो.

गणिताच्या_बाई

'वजा क्षेत्रफळ' हा शब्द वर्गात उच्चारून बघा आणि पुढचा तास कसा जातो ते इथे येऊन सांगा. ठिपक्यांच्या कागदावर चालणार असाल तर पिकचा नियम त्यापेक्षा बरा. कोपरे ठिपक्यांवरच हवेत, मग आतले ठिपके अधिक कडेवरचे निम्मे, वजा एक. तुमच्याच आकृतीत कडेवर ६ ठिपके आहेत, आत ३२. बत्तीस अधिक तीन वजा एक, चौतीस. सहावीतलं पोरही मोजतं आणि खूश होतं.

पाटणकर

चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचा हट्ट फार जुना आहे. इजिप्तमध्ये एदफूच्या देवळावर कोरलेल्या जमिनींच्या नोंदींतही हाच सरासरीचा हिशेब आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये तो दिला, पण 'स्थूल' म्हणून दिला आणि शेजारी 'सूक्ष्म' सूत्र ठेवलं : बाजूंच्या बेरजेचं अर्ध घ्या, त्यातून एकेक बाजू वजा करा, चौघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. तिरपागडा यांच्या प्लॉटवर लावून बघा. अर्धी बेरीज ८८, वजाबाक्या ३६, ४९, ६३, २८. छत्तीस गुणिले एकोणपन्नास १७६४, त्रेसष्ट गुणिले अठ्ठावीसही १७६४, म्हणजे वर्गमूळ १७६४. झकास जुळतं, पण का? कारण तो चौकोन वर्तुळात बसणारा आहे. कर्ण ८० चा केलात की बसत नाही आणि सूत्र पडतं. ब्रह्मगुप्ताने ही अट लिहिली नाही.

त्यावर भास्कराचार्य ११५० च्या लीलावतीत सरळ चिडलेत. चौकोनाचे कर्ण नियत नसतात, मग फळ नियत कसं असेल? आणि पुढे : 'स पृच्छकः पिशाचो वा वक्ता वा नितरां ततः'. कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा. या पंडिताच्या नातवाने शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. आपल्या अंगणातला माणूस पावणेनऊशे वर्षांपूर्वी ओरडून गेला आणि आपण अजून सरासरीने प्लॉट विकतोय.

विदर्भातली_मावशी

अहो, पण सरासरीवाला हिशेब सगळेच करतात, त्यात कधी याचा फायदा तर कधी त्याचा, असं असेल ना? लबाडी कशाला म्हणता?

पाटणकर

मावशी, तेच तर होत नाही. तो हिशेब कधीच कमी येत नाही. बाजू क्रमाने अ, ब, क, ड घ्या. एक कर्ण टाकला की अ-ब चा एक त्रिकोण, क-ड चा दुसरा. अ हा पाया धरला तर उंची ब पेक्षा मोठी असूच शकत नाही, म्हणून क्षेत्रफळ अब + कड यांच्या निम्म्याहून जास्त नाही. दुसरा कर्ण टाकला की तेच बक + डअ यांच्याबद्दल. दोन्ही मिळवून सरासरी घ्या, उजवीकडे बरोबर (अ + क)(ब + ड) भागिले चार उरतं, म्हणजे सरासऱ्यांचा गुणाकार. चारही कोन काटकोन असतील तेव्हाच बरोबरी, एरवी प्रत्येक वेळी आकडा फुगलेला. विकणाऱ्याला कधीच तोटा नाही. सारा क्षेत्रफळावर बसत असेल तर वसूल करणाऱ्यालाही नाही.

शंकूसाखळी

हे एवढं सरळ सिद्ध होतं हे माहीत नव्हतं, अनुभव मात्र असाच आहे. तक्रारी नेहमी 'जागा कमी भरली' अशाच येतात.

दहावीचा_बाप

सगळं छान आहे हो. भूमितीचा पेपर ४० गुणांचा, त्यात सिद्धता आहेत, वर्तुळ आहे, रचना आहेत. पोराने टिपण काढायला शेतात जायचं कधी? सूत्र पाठ असलं की दोन गुण पक्के. ज्यांची मुलं शाळेतून बाहेर पडलीत त्यांना तत्त्वज्ञान परवडतं.

तिरपागडा

दहावीचा_बाप, दोन गुणांच्या हिशेबातच बोलू. समलंब राहू द्या, शंकूसाखळी काकांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, ते सूत्र शेतात राबतं. बाकीची मात्र गाळा. समांतरभुजासाठी वेगळं सूत्र नको, समभुजासाठी नको. त्या जागी परीक्षेत एकच प्रश्न घाला : 'चौकोनी जागेच्या चार बाजू ५२, ३९, २५ आणि ६० फूट आहेत. क्षेत्रफळ काढता येईल का? नसल्यास आणखी कोणते माप लागेल?' दोन गुण. पाठांतर शून्य. कर्ण लागेल असं जो लिहील त्याला बहुभुजाकृती समजली.

गणिताच्या_बाई

समभुजाचं सूत्र मी गाळणार नाही. कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं हे पतंगालाही चालतं, कर्ण काटकोनात छेदणाऱ्या कुठल्याही चौकोनाला चालतं, आणि त्यात कर्णच मोजावे लागतात. तुमच्या तक्रारीचं उत्तर त्याच सूत्रात आहे आणि तुम्ही तेच काढायला निघालात.

प्रश्न मात्र चांगला आहे, सराव चाचणीत घालते. काय होईल तेही आत्ताच सांगते. तीस मुलं सरासरी काढून १९०५.७५ लिहितील, दहा जण हेरॉन अर्धवट लावतील, आणि दुसऱ्या दिवशी पालक येतील की प्रश्नात माहिती अपुरी आहे, सरसकट दोन गुण द्या.

दहावीचा_बाप

मी येईन ना, पहिला मीच येईन.