पोटरीची दुखापत आणि किनाऱ्यावरील वाळू
दुखापतीनंतर डांबरी रस्ता टाळून मऊ वाळूत धावावे, असा सल्ला दिला जातो; त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. वाळूत गुडघ्याला बसणारा हादरा कमी होतो हे खरे. परंतु पाऊल रुतत असल्यामुळे पोटरीवर आणि टाचेमागील कंडरेवर ताण वाढतो, शिवाय कठीण जमिनीच्या तुलनेत सुमारे १.६ पट ऊर्जा खर्च होते. माझी लचकलेली पोटरी बरी वाटू लागताच मी पणजीतील मिरामार किनाऱ्याच्या वाळूत जेमतेम दोन किलोमीटर धावलो आणि ती पुन्हा दुखावली. त्यानंतर जवळच्याच कांपालच्या सपाट पदपथावर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे असे दिवसाआड करत गेलो, तेव्हा सहाव्या आठवड्यात दोनापावलापर्यंत न थांबता पोहोचलो. ओहोटीची ओली वाळू घट्ट असली तरी समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे घोटा नुकताच बरा झालेल्यांनी तीही टाळावी.