'पडला', 'पडले' की 'हुतात्मा झाले'?

१६ डिसेंबरला आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर मी दरवर्षी चार ओळी लिहिते. यंदा अरुण खेत्रपालवर लिहायला बसले आणि क्रियापदाशीच अडले. जन्म पुण्याचा, १९५० चा. खडकवासल्याच्या एनडीएत घडलेला, जून १९७१ मध्ये १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट. सहा महिन्यांत भारत-पाक युद्धातली बसंतरची लढाई. रणगाडा पेटला, मागे फिरण्याचा हुकूम आला, तर 'तोफ अजून चालते आहे' असं कळवून लढत राहिला. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र. आता पुढे काय लिहू? शहीद झाले, हुतात्मा झाले, वीरमरण आले, धारातीर्थी पडले? आणि 'ला' की 'ले'?

—

ताई, 'हुतात्मा' इथे नको असं माझं मत. हुत म्हणजे आहुती म्हणून अर्पण केलेलं. मुंबईच्या हुतात्मा चौकाला तो शब्द शोभतो, कारण संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी गोळ्या झेलल्या, झाडल्या नाहीत. खेत्रपाल स्वतःला अर्पण करायला गेला नव्हता, समोरचे रणगाडे फोडायला गेला होता, आणि ते त्याने फोडलेही. 'शहीद' अरबीतून आला, मुळात साक्ष देणारा. मराठीत तो आता इतका रुळला आहे की परका म्हणवत नाही, पण लढण्याचा अर्थ त्यातही नाही.

'वीरमरण'बद्दल एक बारकावा. आपण सरसकट 'वीरमरण आले' लिहितो. तिथे मरण कर्ता होतं, माणूस नुसता उभा. हिमकड्याखाली सापडलेल्या सैनिकाला 'आले' ठीक. मागे फिरायचा हुकूम असूनही जो फिरला नाही, त्याने ते 'पत्करले'.

जुना 'कामी आला' मला फार आवडतो, बखरींच्या वळणाचा आहे. पण आजच्या मुलांना 'उपयोगी पडला' एवढंच ऐकू येईल.

—

मी 'धारातीर्थी पडला' लिहिलं असतं. धार शस्त्राची, आणि तिलाच तीर्थ मानलेलं. रणगाड्याला धार कुठली, असं कुणी विचारेल. पण आपण आजही तलवारी म्यान करतोच की! शिवाय 'पडला' या क्रियापदात लढता लढता कोसळणं दिसतं, 'झाले'मध्ये काहीच दिसत नाही.

आणि 'ला'च हवा. आदरार्थी बहुवचनाने एकवीस वर्षांच्या पोराचं वय उगाच वाढतं. पोवाड्यातला वीर एकेरीतच लढतो आणि एकेरीतच पडतो, त्यात त्याचा मान कमी होत नाही. पानिपतानंतरच्या त्या निरोपात 'दोन मोत्ये गळाली' म्हटलं, त्यातलं एक मोती म्हणजे कोवळा विश्वासराव. शोक कोवळ्या वयाचा असतो, हुद्द्याचा नसतो.

एक विनंती, फळ्यावर 'जवान' लिहू नका. वर्तमानपत्रांतून सगळ्यांनाच जवान म्हणतात, पण हा अधिकारी होता, आपल्या तुकडीच्या रणगाड्यांचा मोहरक्या.

—

'मारला गेला' हा प्रयोग अपमानकारक म्हणून आपण टाळतो. मला तो तसा वाटत नाही. २००१ मध्ये अरुणचे वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, पाकिस्तानात आपलं जुनं गाव बघायला गेले. ज्यांच्या घरी उतरले ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर बसंतरला समोरच्या बाजूने लढले होते. तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला, हे त्यांनीच त्या म्हाताऱ्या बापाला सांगितलं. तिथे हुतात्मा, शहीद, वीरमरण यांतला एकही शब्द बसला नसता.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. फळ्यावर लिहिलं ते असं: 'अरुण खेत्रपाल, सेकंड लेफ्टनंट, पूना हॉर्स. पुण्यात जन्मला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत रणगाडा न सोडता धारातीर्थी पडला. वय २१.' सकाळी दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "धारातीर्थ कुठे आलं?" तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं.